अंगावरून वेगळंच काही जातंय? इन्फेक्शन ओळखण्यापासून औषध पूर्ण होईपर्यंत काय काय करायचं

डिस्चार्जचा रंग बदललाय, वास येतोय, खाज थांबत नाहीये आणि विचारायचं कोणाला ते कळत नाहीये, अशा वेळी हाताशी असावं म्हणून हे लिहितेय. मी स्वतः यातून गेलेय आणि परत परत गेलेय. बराच काळ मला वेगवेगळी क्रीम्स मिळत राहिली पण नेमकं झालंय काय हे कोणी सांगत नव्हतं, शेवटी स्वॅब (कापसाच्या काडीने आतला नमुना) घेतला, बीव्ही म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस आहे हे कळलं आणि मग औषध लागू पडलं. त्यामुळे माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं हेच की औषध सुरू करायच्या आधी इन्फेक्शनचं नाव माहीत करून घ्या. वरवर सारख्या दिसणाऱ्या या इन्फेक्शनची औषधं बहुतेक वेळा एकमेकांना चालत नाहीत.

१. आधी नॉर्मल काय असतं ते बघा

पाळी सुरू झाल्यापासून प्रत्येकीला डिस्चार्ज असतोच, योनी आतली सफाई त्यातूनच करते. पारदर्शक किंवा पांढरट, वास नाही किंवा किंचित आंबटसर, कपड्यावर वाळला की पिवळट डाग, हे सगळं नॉर्मल आहे. दोन पाळ्यांच्या साधारण मध्यावर, स्त्रीबीज सुटतं तेव्हा, तो पातळ आणि तार सुटेल असा बुळबुळीत होतो, नंतर घट्ट होतो. गरोदरपणात वाढतो, काहीजणींना गर्भनिरोधक गोळ्यांनी पण वाढतो. डिस्चार्ज जातो म्हणून अंगातली ताकद जाते असं काही नसतं, ती भीती मनातून काढून टाका.

आत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जिवाणू असतात, ते लॅक्टिक अ‍ॅसिड बनवतात त्यामुळे आतला पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तेवढं आम्ल जास्त) साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि त्रासदायक जंतूंना तिथे वाढायला अवघड जातं. हा ४.५ आकडा लक्षात ठेवा, तपासणीत तो परत येणार आहे.

लक्ष कधी द्यायचं, तर तुमच्या नेहमीच्यापेक्षा बदल झाला की. मैत्रिणीला कमी जातो आणि मला जास्त जातो ही तुलना कामाची नाही, तुमचा स्वतःचा रंग, वास, प्रमाण बदललं का आणि सोबत खाज, जळजळ, दुखणं आहे का ते बघा.

२. कधी अजिबात थांबायचं नाही

खालीलपैकी काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा:

- ओटीपोटात दुखणं, ताप, उलट्या, किंवा संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखणं
- गरोदर असताना डिस्चार्ज बदलणं, पाण्यासारखं भरपूर जाणं किंवा रक्त जाणं
- बाळंतपण, गर्भपात किंवा कॉपर टी बसवल्यानंतरच्या काही आठवड्यांत घाण वासाचा डिस्चार्ज
- योनीच्या तोंडाशी फोड किंवा जखमा
- जबरदस्ती झाली असेल तर. इथे तासांना महत्त्व आहे, एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात

पोटात दुखण्यावर मी एवढा जोर देतेय कारण क्लॅमिडिया, गनोरिया यांसारखं संबंधातून पसरणारं इन्फेक्शन गर्भाशयात आणि नळ्यांमध्ये चढलं की त्याला पीआयडी म्हणतात, त्यात नळ्यांना इजा होऊन पुढे मूल राहायला अडचण येऊ शकते, गर्भ नळीतच राहण्याचा धोका वाढतो. लवकर औषध मिळालं तर हे बरंचसं टळतं.

पाळी यायच्या वयाआधीच्या मुलीला असा डिस्चार्ज असेल किंवा पाळी बंद झाल्यावर डाग, रक्तमिश्रित डिस्चार्ज दिसला तर तेही घरी निस्तरायचं प्रकरण नाही, दाखवाच.

३. नेहमीचे कोण आणि कमी ओळखीचे कोण

बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे बीव्ही. डिस्चार्ज होण्याचं हे फार कॉमन कारण आहे. यात बाहेरून एक जंतू आला असं नसतं, चांगले लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि गार्डनेरेलासारखे बाकीचे जिवाणू भरमसाठ वाढतात. पातळ, राखाडी-पांढरा डिस्चार्ज आणि माशासारखा वास, जो संबंधानंतर किंवा पाळीच्या वेळी जास्त जाणवतो कारण वीर्य आणि रक्त दोन्हीमुळे पीएच वर जातो. खाज बहुतेक नसते किंवा थोडीशीच असते. अर्ध्याजणींना तर काहीच जाणवत नाही.

यीस्ट, म्हणजे कॅन्डिडाचं फंगल इन्फेक्शन. इथे खाज हे मुख्य लक्षण, तीही रात्री झोपू न देणारी. डिस्चार्ज घट्ट, पांढरा, फुटलेल्या दुधासारखा, वास जवळपास नाही. बाहेरची त्वचा लाल, सुजलेली, कधी चिरा पडलेली. अँटिबायोटिकचा कोर्स झाला की, गरोदरपणात, शुगर कंट्रोलमध्ये नसली की हे डोकं वर काढतं. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हे होतं, त्यामुळे लाज वाटण्यासारखं यात खरंच काही नाही.

ट्रायकोमोनास. हा एकपेशीय परजीवी, आणि हा संबंधातून पसरतो. पिवळट-हिरवा, कधी फेसाळ डिस्चार्ज, वास, खाज, लघवीला जळजळ. पण बऱ्याच जणांना, पुरुषांना तर बहुतेक वेळा, काहीच लक्षण नसतं आणि तो अंगात महिनोनमहिने राहू शकतो. म्हणून आज रिपोर्ट आला म्हणजे जोडीदाराने आत्ताच काहीतरी केलं असा अर्थ लगेच काढू नका, त्यावरून घरात उगीच आगी लागलेल्या मी पाहिल्यात.

क्लॅमिडिया आणि गनोरिया. ही गर्भाशयाच्या तोंडाला होतात. लक्षणं नसणं हेच यांचं मोठं लक्षण म्हणायचं. असलीच तर पिवळसर पू सारखा डिस्चार्ज, संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्येच डाग.

इन्फेक्शन नसतानाही डिस्चार्ज बदलतो हे विसरू नका. आत राहून गेलेला टॅम्पॉन, म्हणजे पाळीत आत ठेवायचा कापसाचा बोळा (याचा वास फार उग्र असतो), नवीन साबण किंवा सुगंधी पॅडची अ‍ॅलर्जी, पाळी बंद झाल्यावर इस्ट्रोजेन कमी होऊन येणारा कोरडेपणा आणि जळजळ. या सगळ्याला अँटिबायोटिक देऊन काहीही होत नाही.

आता वरचं वर्णन वाचून "माझं हे वालं" असं ठरवून मोकळं व्हायचं नाही, सगळ्यात जास्त जणी इथेच फसतात. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुकानातून स्वतःच यीस्टचं औषध घेणाऱ्या बायकांची तपासणी केली तेव्हा साधारण तिघींपैकी एकीलाच नुसतं यीस्ट निघालं, बाकीच्यांना बीव्ही, दोन इन्फेक्शन एकत्र किंवा काहीच नाही असं. आणि याआधी यीस्ट झालेल्या बायकांचा अंदाजही फारसा बरोबर येत नव्हता.

४. जायच्या आधीची तयारी

स्त्रीरोगतज्ज्ञ चालतील, फॅमिली डॉक्टर चालतील, लैंगिक आरोग्याचं क्लिनिक असेल तर उत्तमच. सोबत न्यायचं ते एका कागदावर किंवा फोनमध्ये लिहून ठेवा, आत गेल्यावर निम्मं आठवत नाही:

- शेवटच्या पाळीची तारीख, गरोदर असण्याची शक्यता आहे का
- त्रास कधीपासून, रंग, वास, खाज, आणि संबंध किंवा पाळीनंतर वाढतो का
- जळजळ असेल तर कुठे. लघवी आतून जाताना जळतं की बाहेरच्या त्वचेला लागून चरचरतं, पहिल्याने युरिन इन्फेक्शनचा संशय येतो आणि दुसऱ्याने योनीच्या इन्फेक्शनचा
- गेल्या दोन-तीन महिन्यांत घेतलेली अँटिबायोटिक, स्टेरॉइड, शुगरची औषधं, गर्भनिरोधक
- आधी यासाठी लावलेल्या क्रीमचं, गोळीचं नाव. पाकिटाचा फोटो पुरतो
- जुने रिपोर्ट आणि कसल्या औषधाची अ‍ॅलर्जी

तपासणीच्या आधीचे एक-दोन दिवस आत काही लावू नका, ठेवू नका, आतून धुऊ नका आणि संबंध टाळा, नाहीतर स्वॅबमध्ये खरं चित्र दिसत नाही. पाळी चालू असेल तर फोन करून विचारा, जमत असेल तर पाळी संपल्यावर जा (अर्थात पायरी २ मधलं काही नसेल तरच). चांगलं दिसावं म्हणून निघायच्या आधी घासूनपुसून धुवायची गरज नाही, डॉक्टरांना तो डिस्चार्जच बघायचा असतो.

५. आत गेल्यावर काय होतं

ज्यांची ही पहिलीच वेळ आहे त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगते. आधी प्रश्न विचारतात, त्यात संबंधांबद्दलचे पण असतात, त्यांची उत्तरं खरी द्या कारण कोणत्या टेस्ट करायच्या ते त्यावरच ठरतं. घरचं कोणी सोबत असेल आणि त्यांच्यासमोर बोलायचं नसेल तर "मला एकटीला बोलायचंय" एवढं सरळ म्हणा. मग बाहेरून बघतात आणि स्पेक्युलम नावाचं छोटं उपकरण आत घालून गर्भाशयाचं तोंड बघतात. दाब जाणवतो, दुखायला नको, दुखलं तर लगेच थांबायला सांगा, लहान साइजचं स्पेक्युलम पण असतं. कधी संबंध आला नसेल तर ते आधीच सांगा, अशा वेळी स्पेक्युलम न घालता नुसता बारीक स्वॅब घेता येतो.

स्वॅबवर काय करतात:

पीएच बघतात. ४.५ च्या वर असेल तर बीव्ही किंवा ट्रायकोमोनासचा संशय, ४.५ किंवा खाली असेल तर यीस्टची शक्यता. मायक्रोस्कोपखाली बघतात, बीव्हीत जिवाणूंनी झाकलेल्या क्लू सेल दिसतात, यीस्टमध्ये फंगसचे धागे, ट्रायकोमोनास तर हलताना दिसतो. डिस्चार्जवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि माशासारखा वास आला तर तेही बीव्हीकडे बोट दाखवतं. क्लॅमिडिया, गनोरिया आणि ट्रायकोमोनाससाठी नाट नावाची, जंतूचा जनुकीय अंश शोधणारी टेस्ट जास्त भरवशाची, त्यासाठी लागणारा स्वॅब बऱ्याच ठिकाणी तुम्ही स्वतः पडद्यामागे घेऊ शकता.

काही ठिकाणी यातलं काहीच उपलब्ध नसतं आणि लक्षणं बघून एकदम दोन-तीन जंतूंवरची औषधं देतात. टेस्टची सोय नसेल तिथे जागतिक आरोग्य संघटनेलाही ही पद्धत मान्य आहे, त्यामुळे डॉक्टर चुकीचंच करतायत असं नाही. पण कोणती गोळी कशासाठी हे विचारून लिहून घ्या आणि बरं वाटलं नाही तर पुढच्या वेळी टेस्टचाच आग्रह धरा.

दोन गैरसमज इथेच सांगते. पॅप स्मिअर ही गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरआधीचे बदल बघायची टेस्ट आहे, ती नॉर्मल आली म्हणजे इन्फेक्शन नाही असं होत नाही. आणि घरी करायच्या पीएच स्ट्रिपने फक्त पीएच कळतो, इन्फेक्शनचं नाव कळत नाही, त्यातून रक्त किंवा वीर्य असेल तर आकडा तसाच वर जातो.

निघण्याआधी विचारायचे प्रश्न: मला नेमकं काय झालंय, औषध किती दिवस, जोडीदाराला औषध लागणार का, संबंध कधीपासून चालतील, आणि किती दिवसांत फरक पडला नाही तर परत यायचं.

६. औषधं

हे समजून घेण्यासाठी आहे, यावरून स्वतः गोळ्या आणू नका, डोस तुमचे डॉक्टर ठरवतील.

बीव्हीसाठी नेहमीचं औषध मेट्रोनिडॅझोल, ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा ७ दिवस, किंवा त्याचंच जेल रात्री आत ५ दिवस, किंवा क्लिंडामायसिनचं क्रीम ७ रात्री. गोळीने तोंडाला धातूची चव येते, मळमळतं, म्हणून जेवणानंतर घ्या. पाकिटावर दारू टाळा असं लिहिलेलं असतं, घेत असाल तर आधीच विचारा. वास दोन-तीन दिवसांत जातो आणि तिथेच बऱ्याचजणी गोळ्या बंद करतात, कृपा करून तसं करू नका, सातही दिवस पूर्ण करा.

यीस्टसाठी फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एकच गोळी, किंवा क्लोट्रिमॅझोलसारखी आत ठेवायची गोळी किंवा क्रीम, ताकदीप्रमाणे १ ते ७ दिवस. गरोदर असाल तर फ्लुकोनॅझोल पोटात घ्यायचं नाही, आत लावायचं औषध ७ दिवस देतात. रक्त पातळ करायचं वॉरफरिन चालू असेल तरी आधी सांगा, दोन्ही एकत्र घेतली की रक्तस्राव होऊ शकतो.

ट्रायकोमोनाससाठी बाईला मेट्रोनिडॅझोल ५०० मिलिग्रॅम दोनदा ७ दिवस. हे पोटातूनच घ्यायचं, नुसतं जेल पुरत नाही. क्लॅमिडियासाठी बहुतेक डॉक्सिसायक्लिन ७ दिवस, गरोदरपणात त्याऐवजी अ‍ॅझिथ्रोमायसिन. गनोरियासाठी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं इंजेक्शन, कारण हा जंतू एकेका औषधाला दाद देईनासा झालाय.

आत ठेवायची गोळी कशी वापरायची हे कोणी नीट सांगत नाही. हात धुवा, रात्री झोपताना आडवं पडून गुडघे दुमडा, अ‍ॅप्लिकेटरने जमेल तेवढं आत ठेवा आणि मग उठू नका. सकाळी पांढरं बाहेर येतं, त्याला घाबरू नका, ते औषधच असतं, साधं पॅड लावा पण टॅम्पॉन नको कारण तो औषध शोषून घेतो. गरोदर असाल तर अ‍ॅप्लिकेटर वापरायचा का ते विचारून घ्या. पाळीची तारीख जवळ असेल तर आतली गोळी पाळीनंतर सुरू करू का तेही विचारा. आणि यातली बरीच क्रीम्स तेलकट असतात, त्याने लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो, क्लिंडामायसिन क्रीमनंतर तर ५ दिवसांपर्यंत.

एक सापळा मात्र मला ठळक करून सांगायचाय. खाज आली की जे मिश्र क्रीम हातात दिलं जातं, ज्यात स्टेरॉइड, अँटिफंगल आणि अँटिबायोटिक सगळंच असतं, त्याने पहिल्या दिवशी खूप आराम पडतो कारण स्टेरॉइड खाज दाबतं. इन्फेक्शन बऱ्याचदा तसंच राहतं, त्वचा पातळ होत जाते, आणि क्रीम थांबवलं की दुप्पट त्रास. पाकिटावर क्लोबेटासोल, बेटामेथासोन असं दिसलं तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्या नाजूक जागी लावू नका.

७. औषध चालू असताना काय करायचं नाही

डूश, म्हणजे आतून पाण्याने किंवा कसल्या लिक्विडने धुणं, पूर्ण बंद. त्याने चांगले जिवाणू धुऊन जातात आणि बीव्हीची शक्यता वाढते. "इंटिमेट वॉश" नावाने विकलं जातं त्याची योनीच्या आत काहीच गरज नाही, बाहेरून साधं पाणी पुरतं. लसूण, व्हिनेगर, टी ट्री ऑइल आत ठेवायचे सल्ले फिरत असतात, त्याने भाजल्यासारखं होऊन चिरा पडतात आणि मग मूळ दुखणं कोणतं तेच कळेनासं होतं. खाज असह्य झाली तर गार पाण्याची घडी बाहेरून ठेवा, सुती सैल कपडे घाला, नखं कापून टाका.

८. जोडीदाराचं काय

ट्रायकोमोनास, क्लॅमिडिया, गनोरिया असेल तर जोडीदाराला औषध हवंच, त्याला काही त्रास नसला तरी. दोघांचं औषध पूर्ण होऊन लक्षणं जाईपर्यंत संबंध नाही, क्लॅमिडिया-गनोरियात एका डोसचं औषध असेल तर त्यानंतर ७ दिवस. नाहीतर तेच इन्फेक्शन परत तुमच्याकडे येतं. यातलं एक निघालं तर एचआयव्ही आणि सिफिलिसची टेस्ट पण करून घ्या.

यीस्टमध्ये जोडीदाराला सहसा काही द्यावं लागत नाही, त्याला खाज-पुरळ असेल तरच. बीव्हीत आत्तापर्यंत पुरुषाला औषध देत नव्हते, पण २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका ट्रायलमध्ये पुरुष जोडीदाराला ७ दिवस मेट्रोनिडॅझोलची गोळी आणि क्लिंडामायसिनचं क्रीम दिल्यावर १२ आठवड्यांत बीव्ही परत येण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आलं. तुम्हाला सारखं होत असेल आणि जोडीदार एकच असेल तर डॉक्टरांकडे हा विषय काढा. जोडीदार बाई असेल तर तिची पण तपासणी करून घ्या, दोघींना एकदम बीव्ही असणं बऱ्याचदा दिसतं.

९. परत परत होत असेल तर

बीव्ही औषधानंतर वर्षभरात अर्ध्याहून जास्त बायकांना परत होतं. म्हणजे तुमची स्वच्छता कमी पडली असं नाही, हे मला फार उशिरा कोणीतरी सांगितलं आणि ऐकून रडूच आलं होतं. अशा वेळी आठवड्यातून दोनदा मेट्रोनिडॅझोलचं जेल, तीन महिने किंवा जास्त, अशी ट्रीटमेंट असते.

यीस्ट वर्षात तीन-चार वेळा झालं तर कल्चर (स्वॅबमधला जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं) करायला सांगा, त्यात कॅन्डिडाचा प्रकार कळतो. ग्लॅब्राटासारख्या प्रकाराला फ्लुकोनॅझोल नीट लागू पडत नाही, तिथे बोरिक अ‍ॅसिडच्या आत ठेवायच्या कॅप्सूल देतात, पण त्या तोंडाने घेतल्या तर विषारी आहेत आणि गरोदरपणात चालत नाहीत, त्यामुळे त्या स्वतःहून मागवू नका. साध्या प्रकारात फ्लुकोनॅझोल आठवड्याला एक असं सहा महिने देतात. शुगर तपासाच. आणि शुगरसाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेत असाल तर ती औषधं लघवीतून साखर बाहेर टाकतात त्यामुळे यीस्ट वाढतं, हे शुगरच्या आणि या इन्फेक्शनच्या, दोन्ही डॉक्टरांच्या कानावर घाला पण गोळी स्वतःहून बंद करू नका.

१०. औषध संपल्यावर

यीस्ट आणि बीव्हीत लक्षणं गेली तर परत टेस्टची गरज नसते. ट्रायकोमोनास, क्लॅमिडिया, गनोरियात साधारण तीन महिन्यांनी परत टेस्ट करायची, बरं वाटत असलं तरी, कारण परत लागण व्हायचं प्रमाण जास्त असतं. गरोदर असाल तर क्लॅमिडियाची टेस्ट औषधानंतर साधारण ४ आठवड्यांनीच करतात. औषध पूर्ण होऊनही आठवड्याभरात फरक नसेल तर तेच औषध दुकानातून परत आणू नका, रिपोर्ट आणि संपलेली पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि नवीन स्वॅब घ्यायला सांगा.